एका पानाची दोन टोकं

मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीहून कुरखेडा-कोरचीकडे निघालं की गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर तेंदूपत्त्याची पुडकी ओळीनं वाळत घातलेली दिसतात. या जागेला फळी म्हणतात. घरातली माणसं, बहुतेक करून बाया, उजाडायच्या आत जंगलात जातात, ऊन चढायच्या सुमारास पानं घेऊन परततात आणि मग सगळं घर पुडकी बांधायला बसतं. एका पुडक्यात ७० पानं. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत सत्तर हजार पानं, आणि त्यातलं प्रत्येक पान कुणीतरी हातानं खुडलेलं, पारखलेलं. हा हंगाम काही आठवड्यांचाच, पण पावसाळ्याआधी घरात रोख रक्कम येते ती यातूनच.

कामगार संघटनांचा इतिहास फळीवरून कुणी सांगत नाही. तो गिरणीच्या फाटकापासून सुरू होतो, आणि त्याला कारणंही आहेत. ब्रिटनमध्ये १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी मजुरांना एकत्र येण्याचीच बंदी केली होती. ती १८२४ मध्ये उठली. तरीही १८३४ मध्ये टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांनी गुप्त शपथ घेऊन संघ काढला म्हणून त्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार केलं गेलं. संघटनेला तिथं पुरती कायदेशीर मान्यता मिळाली ती १८७१ मध्ये. फ्रान्सनं क्रांतीच्या ऐन भरात, १७९१ मध्ये, घातलेली बंदी १८८४ पर्यंत टिकली. बिस्मार्कच्या जर्मनीत समाजवादीविरोधी कायद्याखाली संघटना बारा वर्षं दडपल्या गेल्या आणि त्याच देशात पुढं कामगारांचे प्रतिनिधी कंपनीच्या संचालकांच्या शेजारी बसू लागले. आपल्याकडं १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणलं. तेव्हा ना वर्गणी होती, ना घटना. तरी १८९० च्या जूनपासून रविवारची सुट्टी मिळाली.

या सगळ्या कथांमध्ये एक मालक आहे, एक फाटक आहे, एक हजेरीपट आहे. संप करायचा तर फाटकाबाहेर उभं राहायचं. आपला १९२६ चा कामगार संघटना कायदाही याच चित्रावर बेतलेला होता. सात जण एकत्र आले की नोंदणीचा अर्ज करता येत असे. २००१ च्या दुरुस्तीनं त्याला आस्थापनेतल्या वा उद्योगातल्या किमान दहा टक्के किंवा शंभर कामगारांची अट जोडली.

आता आरमोरी पट्ट्यातल्या एखाद्या बाईचं वर्ष पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदू, पाऊस लागला की धानाची रोवणी, दिवाळीच्या पुढंमागं कापणी. ढिवर समाजातलं कुटुंब असेल तर ऐनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे टसर रेशमाचे किडेही पाळायचे. आरमोरीचं नाव कोशासाठी दूरवर माहीत आहे. मग ही बाई कुठल्या उद्योगातली कामगार? तिचा मालक कोण? रोवणीला एक, तेंदूला दुसरा, मोहाला तर कुणीच नाही. धंद्यावार संघटना इथं रुजणं कठीणच होतं.

तेंदूपुरता मालक होता तो सरकार. १९६९ च्या महाराष्ट्र वनोपज व्यापार नियमन कायद्यानं तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या हाती गेला. सरकार जंगलाचे घटक पाडून त्यांचा लिलाव करी, ठेकेदार घटक घेई, त्याचा दिवाणजी फळीवर बसे. शेकडा पुडक्यांमागे मजुरी ठरलेली, आणि शेकड्यावर चार-दोन पुडकी जास्तीची मोजून घेण्याची रीतही ठरलेली. पानं काळी पडली, लहान निघाली, असं म्हणून नाकारलेल्या पुडक्यांची दाद कुणाकडं मागायची? ज्यानं नाकारली तोच तिथला सर्वेसर्वा होता.

१९८० पासून नक्षलवादी या भागात शिरले आणि तेंदूच्या दराचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. दर वाढले, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. पण ते बंदुकीच्या धाकानं वाढले. ठेकेदार मजुराला वाढीव दर देत होता तसा त्यांनाही पैसा देत होता, आणि मधल्या मधे गाव दोन्ही बाजूंच्या संशयात सापडत होतं. माझ्या मते यातली सगळ्यात मोठी हानी अशी की पान तोडणारी बाई स्वतःच्या दराच्या बोलणीत कुठंच नव्हती. दुसऱ्यानं वाढवून दिलेला दर दुसराच कमीही करू शकतो.

ही बोलणी गावाच्या हाती आली ती वेगळ्याच वाटेनं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ऐंशीच्या दशकापासून सर्वसहमतीनं निर्णय घेण्याची पद्धत रुजवली होती. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू आणि तेंदू ही गौण वनोपजं मानली आणि त्यांची मालकी गोळा करणाऱ्यांना दिली. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. कागदावर बांबू गावाचा झाला, पण वाहतूक परवाना द्यायला वनखातं तयार नव्हतं. तोडलेला बांबू गावाच्या हद्दीबाहेर नेता येत नसेल तर त्या मालकीला काय किंमत? अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचं पुस्तक गावाचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हाती दिलं, आणि २०१२ मध्ये नियमांतच दुरुस्ती होऊन ग्रामसभेच्या समितीला परवाना देण्याचा अधिकार मिळाला.

या पुस्तकाचं महत्त्व कामगार चळवळीच्या भाषेत सांगायला हवं. गिरणी कामगाराजवळ एकच हुकमी अस्त्र असतं: काम थांबवणं. तेंदूवाल्यांना तेही परवडत नाही, कारण पान आठवड्याभरात जून होतं आणि हंगाम हातचा जातो. परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडं आल्यावर काम न थांबवता माल थांबवता येऊ लागला. पानं तोडली, वाळवली, पोत्यांत भरली, मजुरी हाती पडली, पण ठेकेदाराचा ठरलेला हप्ता आला नसेल तर ट्रक निघत नाही.

२०१३ च्या सुमारास गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी आपला तेंदू स्वतः लिलावात काढला. एकट्या गावाला ठेकेदार सहज खेळवतो, म्हणून गावं गटानं बसू लागली. आरमोरी विधानसभा मतदारसंघात मोडणाऱ्या कोरची तालुक्यात ग्रामसभांची मिळून महाग्रामसभा उभी राहिली. गावोगावच्या स्त्रियाही तिच्या बैठकांना प्रतिनिधी म्हणून बसतात. हिला कुणी कामगार संघटना म्हणणार नाही, तशी तिची नोंदणीही नाही. पण एकट्यानं विकायचं नाही, दर मिळून ठरवायचा, फसवणाऱ्याला सगळ्यांनी मिळून दार बंद करायचं, ही संघटनेची मूळ कामं ती करते. गोणीमागची स्वामित्वाची रक्कमही आता गावाकडं येते. पूर्वी हातात पडे ती मुख्यतः मजुरीच.

मजुरीकडून जंगलावरच्या हक्काकडं असाच प्रवास दूर ब्राझीलच्या जंगलात घडला होता. शापुरीच्या रबर गोळा करणाऱ्यांचे पुढारी शिको मेंडेस रीतसर ग्रामीण कामगार संघटना चालवत. पण जंगलच तोडलं जाऊ लागलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मजुरीची लढाई पुरेशी नाही, झाडं राहिली पाहिजेत. डिसेंबर १९८८ मध्ये त्यांचा खून झाला. १९९० मध्ये त्यांच्या नावानं राखीव जंगल जाहीर झालं, त्यात राहणाऱ्यांच्या वापरहक्कासह.

तेंदूची गोष्ट मात्र फळीवर संपत नाही. त्याच पानाच्या दुसऱ्या टोकाला विड्या वळणारे हात आहेत. त्यांची संघटना याच विदर्भात फार आधी झाली. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी १९३० च्या दशकात मध्य प्रांतातल्या विडी मजुरांचा संघ उभा केला. ते १९३७ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ मध्ये क्षयानं वारले, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. ‘जय भीम’ या अभिवादनाचे जनक म्हणून त्यांना सगळे ओळखतात. विडी मजुरांचा पुढारी म्हणून त्यांची आठवण फार थोडे काढतात, याचं मला वाईट वाटतं. १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. तो लागू होताना मंगळूरच्या कारखानदारानं कण्णूरमधलं काम बंद केलं, आणि रस्त्यावर आलेल्या कामगारांनी १९६९ मध्ये दिनेश विडी ही स्वतःची सहकारी संस्था काढली. १९७६ मध्ये विडीवरच्या उपकरातून कल्याण निधी आला. त्यातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. पान तोडणारी बाई मात्र या व्यवस्थेच्या बाहेरच राहिली.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा दोन्ही टोकांना एकाच वेळी फटका बसला. तेंदूपत्त्यावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के कर लागला. कल्याण निधी ज्यावर चाले तो विडी उपकर रद्द झाला. इकडं २०१७ च्या हंगामात तेंदूला चढा भाव मिळाला होता, तो पुढच्याच वर्षी कोसळला. काही ठिकाणी ठेकेदारांनी पैसे थकवले आणि ग्रामसभांना मालक असण्याचा धोकाही कळला. मजुराची मजुरी बुडते, पण मालकाचा बाजारच बुडू शकतो.

गावाच्या हिशेबात शेकड्याचा दर, विडीवाल्यांच्या हिशेबात हजार विड्यांचा. दोन्ही दर ठाऊक असतात ते मधल्या व्यापाऱ्याला. पान महाग झालं म्हणून वळणावळ वाढवता येत नाही, असं तो विडी कामगारांना सांगतो, आणि विडी खपत नाही म्हणून पानाला भाव देता येत नाही, असं ग्रामसभेला. दोन्ही वाक्यं एकाच हंगामात बोलली जातात, आणि ती ताडून पाहायला दोन्ही बाजूंची माणसं एका जागी कधी बसलेली नसतात. खरं तर कोरचीहून विडी वळणाऱ्यांच्या गोंदियाला एका दिवसात जाऊन येता येतं. तेंदूचे लिलाव हंगामाआधी होतात. महाग्रामसभेचे चार प्रतिनिधी आणि गोंदिया-कामठीच्या विडी संघटनांचे चार जण लिलावाआधी एकदा दराचे कागद घेऊन बसले तर काय होईल, हे पुढच्या हिवाळ्यात करून बघावं.