पायाआधी नजर
(‘खेळ समजून घेताना’ लेखमाला : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात फुटबॉलमधल्या ऑफसाइडची उकल केली. त्यानंतर देऊळघाटच्या एका महाविद्यालयीन वाचकाने विचारलं, ‘टीव्हीवरच्या खेळाडूंमध्ये आणि आमच्या गावातल्या पोरांमध्ये नेमका फरक कशाचा? चेंडू तर आमच्याकडचेही दोघं-तिघं झकास नाचवतात.’

प्रश्न रास्त आहे. गहू-हरभरा निघून वावर मोकळं झालं की संध्याकाळी चेंडू घेऊन उतरणाऱ्या पोरांत एखादा असा निघतोच, की ज्याच्या पायातून चेंडू काढून घेणं मुश्कील. समोरच्याच्या दोन पायांमधून चेंडू काढतो, डावीकडे हूल देऊन उजवीकडे पळतो, टाचेने मागे सरकवतो. बघणारे शिट्ट्या मारतात. मग व्यावसायिक खेळाडूकडे याहून जास्त काय असतं?

आधी एक हिशेब करू. सामना ९० मिनिटांचा. चेंडू बाहेर जाणं, फाऊल, कॉर्नरची तयारी, बदली खेळाडू हे सगळं वजा केलं की प्रत्यक्ष खेळ उरतो साधारण ५५ ते ६० मिनिटं. मैदानावर माणसं २२, चेंडू एक. एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जाताना चेंडू वाटेत असतो तो वेळही काढून टाका. एकेकाच्या वाट्याला फार तर दोनेक मिनिटं येतात, आणि तीही सलग नाहीत. दोन-तीन सेकंदांचे तुकडे. एवढ्या वेळात चेंडू अडवायचा, ताब्यात घ्यायचा, कुठे द्यायचा ते ठरवायचं आणि द्यायचा. अंगावर धावून येणारा समोर असतोच. नाचवायला सवड आहे कुठे?

म्हणून जाणकार प्रशिक्षक पोरगा पारखताना ड्रिबलिंगच्या, म्हणजे चेंडू नाचवत नेण्याच्या, आधी पहिला स्पर्श पाहतात. मैदानावर त्याला ‘फर्स्ट टच’ म्हणतात. जोरात आलेला चेंडू ताठ पायावर घेतला तर तो दोन-तीन हात उसळतो आणि समोरच्याचा होतो. घोटा जरा सैल ठेवून, चेंडू लागतालागता पाय किंचित मागे घेतला, तर त्याचा वेग तिथेच मरतो. हे झालं शाळकरी पातळीवरचं. व्यावसायिक खेळाडू चेंडू नुसता थांबवत नाही, पहिल्याच स्पर्शात तो पुढच्या कामाच्या जागी नेऊन ठेवतो. समजा, मिडफिल्डरकडे उजवीकडून पास येतोय आणि पाठीमागून विरोधी खेळाडू धावतोय. नवखा पासकडे तोंड करून उभा राहतो, जवळच्या पायाने चेंडू दाबतो, मग वळतो. वळेपर्यंत मागचा अंगावर आलेला असतो. मुरलेला खेळाडू अंग आधीच तिरपं ठेवतो, चेंडू समोरून पुढे जाऊ देतो आणि लांबच्या, म्हणजे डाव्या पायाच्या आतल्या बाजूने घेतो. घेतानाच तो वळलेला असतो. दोन्हीकडे चेंडू तोच आणि पायही तेच, पण दुसऱ्याने पाऊण सेकंद कमावलेला असतो.

पण मागून कोण येतंय, हे त्याला कसं कळलं? पास येण्याआधीच त्याने मान वळवून पाहून ठेवलं होतं. नॉर्वेचे संशोधक गेयर यॉर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगच्या मिडफिल्डरांचं जवळून चित्रीकरण तपासलं. चेंडू मिळण्यापूर्वी जे खेळाडू जास्त वेळा आजूबाजूला पाहतात, त्यांचे पासही जास्त प्रमाणात अचूक जातात, असं त्यांना आढळलं. बार्सिलोनाचा झावी यासाठी नावाजलेला. त्याची मान सतत फिरत असे. टीव्हीचा कॅमेरा मात्र चेंडूच्या मागे असतो, त्यामुळे खेळाडूचं हे निम्मं कसब आपल्याला घरबसल्या दिसतच नाही.

याचा अर्थ करामती फुकट असतात, असं नव्हे. योहान क्रायफने १९७४ च्या विश्वचषकात स्वीडनच्या बचावपटूला पास देण्याची हूल देऊन चेंडू स्वतःच्याच पायामागून ओढून घेतला आणि उलट्या दिशेने निघून गेला. ती गिरकी आजही त्याच्याच नावाने शिकवतात. सामना मात्र ०-० सुटला, हे कुणी सांगत नाही! अडचणीतून सुटायला करामत लागते. खेळ चालतो तो पहिल्या स्पर्शावर.

आपल्या जवळचं उदाहरण हवं तर गोव्याकडे पाहा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत साळगावकरकडून आणि भारताकडून खेळलेले ब्रह्मानंद शंखवाळकर हे आपल्याकडच्या मोठ्या गोलकीपरांपैकी एक. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या काळात बचावपटू अडचणीत सापडला की चेंडू मागे गोलकीपरकडे द्यायचा आणि गोलकीपर तो सरळ हातात उचलायचा. १९९२ मध्ये नियम बदलला. सहकाऱ्याने जाणूनबुजून पायाने दिलेला पास हातात घ्यायला बंदी आली. एका नियमाने गोलकीपरला पाय वापरायला लावलं. आज वरच्या पातळीवर गोलकीपर निवडताना त्याचे पास तपासले जातात. शंखवाळकरांच्या पिढीला हे सांगितलं असतं तर ते हसलेच असते.

२०१७ नंतर सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाताखाली एफसी गोवा संघाने हाच धडा ठळकपणे गिरवला. चेंडू लांब भिरकावायचा नाही, गोलकीपरपासून छोट्या छोट्या पासांनी वर न्यायचा. त्याच संघातला म्हापशाचा मंदार राव देसाई विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू होता. लोबेरांनी त्याला मागे डाव्या बचावफळीत आणलं. वरवर पाहता ही बढती वाटत नाही. पण अशा खेळात डाव्या बचावपटूची जागा फार अडचणीची. एका बाजूला मैदानाची रेषा, आणि विरोधी संघ मुद्दाम तिथेच कोंडी करायला येतो. तिथे पहिला स्पर्श हातभर जरी लांब गेला तरी चेंडू बाहेर तरी जातो नाहीतर विरोधकाकडे. म्हणून तिथे नुसता आडदांड नाही, चेंडू हाताळता येणारा माणूस हवा. पुढे लोबेरांबरोबर मंदार मुंबई सिटीत गेला आणि २०२०-२१ च्या मोसमात त्या संघाने लीग शील्ड आणि इंडियन सुपर लीगचं विजेतेपद, दोन्ही जिंकलं.

महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड पाहायचं तर कोल्हापूर. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या तालमींच्या शहरात पेठापेठांची ईर्ष्या शाहू स्टेडियमवर चेंडूमागे धावते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघात होता. त्या स्पर्धेतला कोलंबियाविरुद्धचा दिल्लीतला सामना आठवून पाहा. ८२ व्या मिनिटाला जॅक्सन सिंगने कॉर्नरवर डोक्याने गोल केला. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल, १-१. स्टेडियम नाचत होतं. खेळ पुन्हा सुरू झाला आणि मिनिटभरात कोलंबियाने दुसरा गोल केला. उत्साहात आपली पोरं पुढे सरकली होती, हे खरंच. पण त्या क्षणी कोलंबियाच्या पोरांचे पाय गडबडले नाहीत, हे माझ्या मते जास्त महत्त्वाचं. थकलेल्या पायांनी, आरडाओरड्यात, चेंडू जिथे हवा तिथेच ठेवता येणं हीच व्यावसायिकाची ओळख.

हे येतं कुठून? मुख्यतः लहानपणी चेंडूला किती वेळा पाय लागला, त्यातून. ब्राझीलची पोरं फुटसाल खेळत वाढतात. पाच-पाच जणांचा संघ, छोटं टणक मैदान, आणि कमी उसळणारा चेंडू. जागा कमी म्हणून निर्णय झटपट घ्यावा लागतो, आणि माणसं कमी म्हणून चेंडू वारंवार वाट्याला येतो. आपल्याकडे नेमकं उलट होतं. चेंडू एक, पोरं तीस, मग पंधरा विरुद्ध पंधरा असा सामना लागतो. तासभरात मागच्या पोराच्या पायाला चेंडू चारदा लागला तर नशीब. २०१७ मध्येच राज्य सरकारने एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला, शाळांना चेंडू वाटले. चेंडू पोहोचवणं सोपं होतं. रोजच्या तासाला त्या चेंडूचं काय करायचं, हे मात्र कुणी फारसं सांगितलं नाही.

देऊळघाटच्या मित्राचा पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू येतो : ‘आमच्याकडे गवताचं मैदान नाही, उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होते, चेंडू वेडावाकडा उडतो.’ त्यावर एक अगदी साधा उपाय आहे. नियमाप्रमाणे चेंडूतल्या हवेचा दाब ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर चालतो. आपल्याकडे पंप हातात आला की चेंडू टणटणीत होईपर्यंत हवा भरायची सवय. कडक जमिनीवर दाब खालच्या टोकाला ठेवा, उसळी बरीच कमी होते. बारा वर्षांखालच्या पोरांना मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू देऊ नका, चार नंबरचा द्या. पंधरा-पंधराचा एक सामना मोडून चार-चारचे तीन सामने लावा. चेंडू कमी पडले तर वर्गणी काढा. प्रत्येकाला जास्तीत जास्त दोनच स्पर्श, असा नियम करा. पहिल्या दिवशी सगळे वैतागतील, विशेषतः चेंडू नाचवणारा तो गावचा हिरो. उरलेल्यांना एक चेंडू आणि शाळेची भिंत द्या. भिंतीवर मारायचा, परत आला की एका पायाने घ्यायचा, दुसऱ्याने मारायचा. मागे उभ्या राहिलेल्या जोडीदाराने दर वेळी हाताची काही बोटं वर करायची, आणि चेंडू भिंतीवरून परत येण्याआधी मान वळवून ती मोजून सांगायची.