म्हैसूरचा बाजार : वारसा आणि देखभालीचा खर्च

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर, १८८२ मध्ये बंगळूरहून येणारा मीटरगेज लोहमार्ग म्हैसूरपर्यंत पोहोचला. त्याच दशकात शहराच्या मध्यभागी देवराज मार्केट आकारास आले. १८९२ मध्ये व्हाइसरॉयच्या नावाची लॅन्सडाउन इमारत उभी राहिली. राजवाडा पाहणाऱ्यांचे लक्ष या गाळ्यांकडे क्वचितच जाते. त्यांचे बांधकाम चुन्याचे. चुना ओलावा शोषतो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढविल्यास ओल आत कोंडते. म्हणूनच दुरुस्ती सातत्याने व जाणत्या गवंड्याकडूनच व्हावी लागते. हा खर्च कोणी सोसावा? मालक महानगरपालिका, भाडेकरू व्यापारी. वास्तूच्या शोभेचा लाभ मात्र साऱ्या शहराला. अर्थशास्त्रात यास ‘बाह्य लाभ’ म्हणतात. तो उपभोगणारा किंमत मोजत नाही. परिणामी देखभाल अपुरी राहते.

ऑगस्ट २०१२ मध्ये लॅन्सडाउन इमारतीचा भाग कोसळून चौघे मृत्युमुखी पडले. ऑगस्ट २०१६ मध्ये मार्केटचा उत्तरेकडील भाग ढासळला. दोन्ही घटना पावसाळ्यातील आहेत, हे लक्षणीय होय. पाडून पुन्हा बांधावे की जतन करावे, यावर तज्ज्ञांचे एकमत झाले नाही; वाद न्यायालयात गेला. पाडकाम स्वस्त भासते, कारण हिशेबात तो बाह्य लाभ धरलेलाच नसतो.