चौकटीबाहेरचा पिता

राजा रविवर्मा यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी दहा चित्रे पाठविली. त्यांपैकी एकात त्यांची कन्या महाप्रभा तान्ह्या मुलाला घेऊन उभी आहे. चित्राचे शीर्षक ‘ते पाहा, बाबा आले’ अशा अर्थाचे. बाबा मात्र चौकटीबाहेर आहेत. या चित्रसंचाला पदके मिळाली. गौरव प्रामुख्याने वेशभूषा आणि चालीरीती यांच्या यथार्थ चित्रणाचा झाला.

मला मात्र हे चित्र कायद्याच्या इतिहासातील दस्तऐवज वाटते. केरळातील मातृवंशीय घराण्यांत मुले आईच्या घराची, मालमत्ता ‘तरवाड’ या एकत्र कुटुंबाची आणि कारभार मामाचा असे. पित्याचे स्थान गौण होते. अशा समाजात पित्याची वाट पाहणारे कुटुंब रंगविणे हीच नव्या काळाची चाहूल होती.

पुढे याच महाप्रभेची कन्या सेतू लक्ष्मीबाई त्रावणकोरची राजप्रतिनिधी झाली. तिच्या कारकिर्दीत, १९२५ मध्ये, नायर कायद्याने तरवाडाच्या वाटणीचा मार्ग मोकळा केला. १९७५ मध्ये केरळ विधिमंडळाने एकत्र कुटुंबपद्धतीच रद्द केली.

या सुधारणांनी पित्याला चौकटीत आणले, हे न्याय्यच झाले. परंतु जन्मघरावरील स्त्रीचा अढळ हक्क त्याच वेळी चौकटीबाहेर गेला. प्रशासनात आम्ही सुधारणेची नोंद करतो. तिने काय हिरावले, याचा रकाना आमच्या फायलींत सहसा नसतो.