गावाने दिलेली मोटार

आपल्या गावाकडे बैलगाड्यांची शर्यत लागते. धुरळा उडतो, माणसे टोप्या उडवतात. परदेशात तशाच मोटारींच्या शर्यती असतात. मोटार पळवणे हाच काही लोकांचा पोटाचा धंदा असतो. अशाच एका गड्याची हकीकत आम्ही सांगणार आहोत.

दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना नावाचा देश आहे. तिथे बाल्कार्से हे बटाट्याच्या पिकाचे गाव. या गावी १९११ साली हुआन फँजिओ जन्मला. बाप गवंडी, इटलीहून आलेला. पोराने लहानपणीच शाळा सोडली आणि मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात काम धरले. हात तेलाने काळे झाले, पण मोटारीचा खिळा न् खिळा कळू लागला.

शर्यतीत त्याचे नाव होऊ लागले. पण चांगली मोटार घ्यायला पैसा कुठला? तेव्हा गावाने वर्गणी काढली आणि त्याला शेव्हरले मोटार घेऊन दिली. १९४० साली हजारो मैलांच्या शर्यतीत तो पहिला आला. गावाचा पैसा सार्थकी लागला म्हणायचा!

पुढे तो युरोपात गेला. तेव्हा त्याची चाळिशी जवळ आली होती. काही गडी त्याच्याहून तरुण. १९५० साली मोनॅको इथे शर्यत होती. रस्ता समुद्राच्या काठाने, वळणावळणाचा. फँजिओ सर्वांच्या पुढे होता. त्याच्या मागे लाटेच्या पाण्याने रस्ता ओला झाला आणि मोटारी एकमेकींवर आदळल्या. याला ते ठाऊक नाही. दुसऱ्या फेरीला तो तिथे आला. एरवी पुढच्या मोटारीकडे सगळ्यांचे डोळे असतात. आज माणसे त्याच्याकडे बघेनात, भलतीकडेच बघत होती. पुढं काहीतरी घडलंय, हे त्याने ओळखले आणि वेळीच ब्रेक दाबला. मोडक्या मोटारींतून वाट काढून तो गेला आणि शर्यत जिंकला.

अशा शर्यती वर्षभर देशोदेशी होतात. प्रत्येक शर्यतीचे गुण मिळतात. ज्याचे गुण जास्त, तो जगज्जेता. फँजिओ पाच वेळा जगज्जेता झाला. तो विक्रम २००३ सालापर्यंत टिकला.

पण चूक त्याच्याही हातून झाली. १९५२ साली रात्रभर मोटार हाकून तो इटलीत पोचला आणि झोप न घेता शर्यतीत उतरला. मोटार उलटली, मानेचे हाड मोडले. ते वर्ष वाया गेले. एवढा शहाणा माणूस, पण झोपेपुढे कुणाचे चालते?

लोकप्रियता माणसाला गोत्यातही आणते. १९५८ साली क्यूबा देशात सरकारविरुद्ध बंड चालू होते. फँजिओ तिथे शर्यतीला गेला होता. बंडखोरांनी पिस्तूल रोखून त्याला हॉटेलातून पळवले. वैर काही नव्हते. फँजिओला धरले की बंडाची बातमी जगभर जाईल, एवढाच हिशेब. त्यांनी त्याला नीट वागवले आणि शर्यत आटोपल्यावर सोडून दिले. त्यानेही त्यांच्याविषयी मनात राग धरला नाही.

त्याच वर्षी त्याने शर्यती सोडल्या. १९८६ साली बाल्कार्से गावात त्याच्या नावाचे मोटारींचे संग्रहालय उघडले. १९९५ साली तो वारला. त्याला त्याच गावात नेऊन पुरले.