मायनिंगसाठी ग्राफिक्स कार्ड : स्वस्त कोणतं आणि परवडणारं कोणतं?



आपल्या नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, हे चौथीतलं मूलही सांगेल. पण बिटकॉइनचा छापखाना कुठे आहे? कुठेच नाही. जगभरातले संगणक व्यवहारांच्या नोंदी तपासतात आणि एक अवघड आकडा शोधण्याची शर्यत लावतात. जो आधी शोधेल त्याला नवी नाणी मिळतात. यालाच मायनिंग म्हणतात.

ग्राफिक्स कार्डच का?

संगणकाचा प्रोसेसर म्हणजे वर्गातला एक हुशार विद्यार्थी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो साधी मुलं, एकाच वेळी छोटी छोटी गणितं करणारी. मायनिंगमध्ये अशीच गणितं लागतात. कार्ड सेकंदाला किती प्रयत्न करतं, त्याला हॅशरेट म्हणतात.

आता गणित करू

इथेरियमच्या मायनिंगच्या काळात आरएक्स ५८० हे कार्ड सुमारे ३० मेगाहॅश वेग द्यायचं आणि साधारण ११० वॅट वीज घ्यायचं. आरटीएक्स ३०६० टीआय सुमारे ६० मेगाहॅश द्यायचं, साधारण १२५ वॅटमध्ये. म्हणजे तेवढ्याच वेगासाठी जुनी दोन कार्डं लागणार.

दोन जुनी कार्डं : २२० वॅट × २४ तास = रोज ५.२८ युनिट, महिन्याला सुमारे १५८ युनिट.
एक नवं कार्ड : १२५ वॅट × २४ तास = रोज ३ युनिट, महिन्याला ९० युनिट.

युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला जवळपास ६८० रुपयांचा फरक पडतो, वर्षाला आठ हजारांच्या वर! म्हणून कार्डाची किंमत नंतर बघा, आधी एका वॅटमागे किती हॅश मिळतात ते बघा.

आणखी एक. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांनंतर दर चढत जातो. कार्डाचे युनिट घरच्या वापराच्या वर पडतात, म्हणून ते महागड्या टप्प्यात जातात. आपलं बिल हातात घेऊन हे तपासा.

मेमरी विसरू नका

इथेरियमची एक फाइल कार्डाच्या मेमरीत ठेवावी लागे. ती वाढत वाढत २०२० च्या अखेरीस ४ जीबीच्या पुढे गेली आणि ४ जीबीची कार्डं त्या कामातून बाद झाली. स्वस्त म्हणून घेतलेलं कार्ड असं अचानक निकामी ठरू शकतं.

मग आज घ्यावं का?

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगच बंद केलं. बिटकॉइनची शर्यत तर त्याच्या खूप आधीच एसिक नावाच्या खास यंत्रांकडे गेली होती. उरली ती छोटी नाणी, आणि त्यांच्या मागे लागलेली भरपूर रिकामी कार्डं. त्यात आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि मायनिंगच्या यंत्रांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही.

तेव्हा एकच सूत्र वहीत लिहून ठेवा : रोजची कमाई वजा रोजची वीज. समजा कमाई २० रुपये आणि वीज ३० रुपये, तर फुकट मिळालेलं कार्डसुद्धा रोज १० रुपयांनी महाग पडतं! उत्तर शून्याच्या वर आलं, तरच कार्डाच्या किमतीला त्या आकड्याने भागा. पैसे किती दिवसांत वसूल होतील ते कळेल. तेही नाण्याचा भाव टिकला तर!

कुणी सांगितलं म्हणून कर्ज काढून कार्डं घेऊ नका. आधी हा भागाकार करा. मुलांनाही करायला द्या, दशांश अपूर्णांकांचा छान सराव होईल.