हवेचा आकडा खरा कशावरून?
माहुलसारख्या रिफायनरीशेजारच्या वस्तीत हवा मोजायला निघालेल्या आपल्या तरुणांनी एहिपस्सिको आधी स्वतःच्या यंत्राला लावावे. स्वस्त सेन्सर प्रकाशाच्या विखुरण्यावरून धूळ मोजतो. दमट हवेत फुगलेले कण त्याला जास्त धूळ वाटतात. म्हणून तो काही दिवस सरकारी केंद्राजवळ ठेवून आकडे ताडून पाहावेत, ऋतू बदलला की पुन्हा.

सरकारी यंत्रालाही हे चुकत नाही. वायूमापकात शुद्ध हवा सोडून शून्य येते का पाहतात, मग ठरावीक प्रमाणाचा वायू सोडून तेवढाच आकडा येतो का. या नोंदी माहितीच्या अधिकारात जरूर मागाव्यात.

पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. पडताळणीची नोंद नसलेला आपला ६५ अधिकारी सहज बाजूला सारतील.