माइकवर रवी शास्त्री
२ एप्रिल २०११, वानखेडे. कुलसेकराला मारलेल्या षटकाराने धोनीने श्रीलंकेचे २७५ धावांचे लक्ष्य १० चेंडू राखून पार केले. धोनीने थाटात सामना संपवला, २८ वर्षांनी विश्वचषक भारताचा, असे रवी शास्त्री माइकवर इंग्रजीत गरजले. आजही ते ऐकताना अंगावर काटा येतो. ती २८ वर्षे त्यांनी जगलेली होती: १९८३च्या विजेत्या संघात ते होते, अंतिम सामना मात्र खेळले नव्हते. याच वानखेडेवर जानेवारी १९८५मध्ये मुंबईकडून त्यांनी बडोद्याच्या तिलक राजला एका षटकात सहा षटकार ठोकले होते. २००७मध्ये डर्बनला युवराजने ब्रॉडला तसेच झोडपले, तेव्हाही समालोचनाला शास्त्रीच होते.